गोदाअक्काचं 'येते'

माझी थोरली बहीण गोदाअक्का. तिच्या सावेडीतल्या घरातून कुणी 'जातो' म्हणून निघालेलं मी पाहिलं नाही. पोस्टमनलाही सुटका नव्हती. "जातो काय रे मेल्या? येतो म्हण!" सायकलवरून उतरून तो "येतो, अक्का" म्हणे, तेव्हाच फाटकाची कडी लागे.

१९७२ साली तिच्या एकुलत्या मुलाने, विलासने, तिला लंडनला नेलं. सून मेरी तिकडचीच, पोटुशी. बाळंतपण करायचं, नातवंड खेळवायचं, जमलं तर तिथंच राहायचं, या हिशेबाने अक्का घर आवरून गेली. तीन आठवड्यांत परत आली. काय घडलं ते तिनेच मला सांगितलं.

एका सकाळी मेरीने तिला जमिनीखालची रेल्वे दाखवली. "वसंता, जिना आपोआप खाली नेतो रे. मी सुनेचा हात घट्ट धरला." तिथून मेरी कामावर जाणार आणि अक्का वर येऊन समोरच्या घरी परतणार, असं ठरलं होतं. मेरी डब्यात चढली. अक्काने जमेल तशा इंग्रजीत निरोप घेतला, "आय कम!"

मेरीला वाटलं, सासूबाईंना बरोबर यायचंय. त्यांना घ्यायला ती घाईने उतरली आणि दारं मिटली. कोट अडकला. दारं पुन्हा उघडली तेव्हा ती फलाटावर गुडघ्यांवर पडली. खरचटण्यावर निभावलं. अक्काने खाणाखुणांनी 'येते'चा अर्थ सांगितला, तशी पोरगी फलाटावर बसूनच हसत सुटली.

विलास हसला नाही. संध्याकाळी मित्र जेवायला आले होते, त्यांच्यासमोर म्हणाला, "आमच्या मातोश्री आज माझं मूल मारत होत्या. आई, इथं जाणारा माणूस जातो म्हणतो. म्हण, आय गो. पुन्हा म्हण." तीनदा म्हणायला लावलं. ज्या बाईने याला बोलायला शिकवलं, तिला! माझ्या डोक्यात तेव्हा तिडीक गेली, ती अजून उतरलेली नाही.

विमानतळावर अक्का सुनेला म्हणाली, "येते गं."

"या हं, आई," मेरी अक्काने शिकवल्याप्रमाणे म्हणाली.

मग अक्का मुलाकडे वळली. "जाते."

"शिकलीस एकदाची!" म्हणून तो मोठ्याने हसला.

पुढे त्याने दोनदा तिकीट पाठवलं, अक्काने दोन्ही परत केली. नातीचा फक्त फोटो पाहिला. वर्षभरात अक्का वारली. विलास एकटाच आला, दिवस उरकले, बॅग उचलली. फाटकाशी थांबून खाली मान घालून म्हणाला, "येतो, मामा."

मी विचारलं, "कुणाकडे?"