कोरी ओळ

बुधवारी दुपारी जेवणं उरकल्यावर मायक्रॉनकाका नेहमीसारखे कॉम्प्युटरसमोर बसले. त्यांच्या दीड महिन्यापूर्वीच्या बग रिपोर्टखाली, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या दोषाच्या तक्रारीखाली, एक नवा मजकूर आला होता. तो त्यांनी एकदा वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

‘मला दिसत नाही आणि गेली नऊ वर्षं ऐकूही येत नाही. कॉम्प्युटरला माझं ब्रेल यंत्र जोडलेलं असतं. पडद्यावरची ओळ त्याच्या चाळीस घरांत टिंबाटिंबांनी वर येते, ती मी बोटांनी वाचते. तुमच्या रिपोर्टवरून जो बदल झाला, त्या शुक्रवारपासून ओळ कोरी आहे. अकरा दिवस मला वाटत होतं, यंत्र मोडलं. काल बहीण आली. ती माझ्या तळहातावर अक्षरं काढते, म्हणून हे कळवता येतंय. रविवारी ती परत जाईल. मग माझ्यापर्यंत काहीच पोचणार नाही. तोवर बघाल का?’

काकांच्या पायाखालची वाळू सरकली. त्यांनी बायकोला हाक मारली.

काका एकतीस वर्षं लेथवर टर्नर होते. केसाएवढा फरक असला तरी शाफ्ट परत करायचे, म्हणून कारखान्यात कोणीतरी त्यांना मायक्रॉन म्हणालं. निवृत्तीनंतर ते नाव त्यांच्या पाठोपाठ गल्लीत आलं. आता पुढच्या खोलीत ते एक कटिंग मशीन चालवत. चिकट प्लास्टिकच्या कागदातून दुकानांच्या पाट्यांची अक्षरं कापायची, एवढंच काम. मशीन जोडलेलं होतं एका जुन्या कॉम्प्युटरला, आणि तो चालवणारी प्रणाली होती लिनक्स. लिनक्स काकांना आवडायचं, कारण त्याचं झाकण उघडता येतं. कुठे काय अडलं, त्याची नोंद आत सापडते. दोष आढळला तर कळवायला इंटरनेटवर एक उघडं पान असतं. कोणीही तिथे लिहितो, आणि तो भाग सांभाळणारा माणूस उत्तर देतो.

दीड महिन्यापूर्वी एका अपडेटनंतर काकांचं मशीन कॉम्प्युटरला दिसेनासं झालं. केबल लावली की सेकंदभर दिसायचं आणि गायब. दुसरा कोणी असता तर चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. काकांनी तीन केबली बदलल्या. चारही सॉकेटं तपासली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा कॉम्प्युटर उचलून आणला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं, आणि प्रत्येक वेळी लिहायचं. सहा दिवसांनी चोर सापडला. ब्रेल यंत्रासाठी एक प्रोग्राम सगळ्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये आधीपासून घातलेला असतो. केबलच्या चिपला एक नंबर असतो, आणि काकांच्या मशीनचा नि कुठल्याशा ब्रेल यंत्राचा नंबर एकच निघाला. तो नंबर दिसला की प्रोग्राम केबल आपल्याकडे ओढून घ्यायचा.

काकांनी बावीस ओळींचा रिपोर्ट लिहिला. सांभाळणाऱ्यानं उत्तर दिलं, ‘इतका स्वच्छ रिपोर्ट वर्षभरात बघितला नाही.’ खाली सत्तावीस जणांनी लिहिलं, माझंही हेच होतंय.

ते कौतुकाचं वाक्य काकांनी काकूंना तीनदा वाचून दाखवलं.

“एकतीस वर्षांत साहेबाच्या तोंडून जे निघालं नाही, ते याच्या तोंडून निघालं म्हणायचं,” काकू म्हणाल्या. “फ्रेम करून लावायचं का?”

पण रिपोर्टच्या शेवटी काकांनी एक वाक्य जास्तीचं लिहिलं होतं. ‘ज्याला ब्रेल हवं त्यानं ते घालून घ्यावं. बाकीच्यांच्या गळ्यात कशाला?’ सगळ्यांत जास्त पसंतीचे अंगठे त्याच वाक्याला पडले. सांभाळणाऱ्यानं ब्रेलच्या प्रोग्राममधल्या यादीतून तो नंबर काढून टाकला, शुक्रवारी अपडेट सगळीकडे गेलं, आणि काकांचं मशीन सुरू झालं.

आणि आता हा मजकूर.

काकू हात पुसत बाहेर आल्या. काकांनी नुसतं पडद्याकडे बोट केलं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

“म्हणजे तुमचं चालू झालं आणि हिचं बंद पडलं?”

“हो.”

“अहो, सहा दिवस मी या घरात केबलींवरून उड्या मारत होते. सगळं तपासलंत म्हणाला होतात.”

“माझ्याकडचं सगळं तपासलं.”

काकू उठून आत गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कारखान्यात मेन स्विच ओढण्याआधी काका शेडच्या दोन्ही टोकांना जाऊन ओरडायचे, “मशीनवर कोण आहे का?” उत्तर आल्याशिवाय दांड्याला हात लावत नसत. एकतीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. या वेळी त्यांनी हाक न मारताच दांडा ओढला होता.

त्यांनी आपला फोन नंबर लिहून पाठवला. गुरुवारी सकाळी फोन वाजला.

“काका, मी बहीण बोलतेय. कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही, आधीच सांगते.”

“चालेल. यादीतून काढलेली नंबराची ओळ फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर परत घालायची आहे. मी सांगेन ते एकेक अक्षर टाइप करा. घाई नाही.”

“घाई आहे हो. रविवारी मला निघायचंय.” मग ती थांबली. “एक मिनिट, तिला सांगते.”

फोनवर काहीच ऐकू येईना. आपण बोललेली वाक्यं आता कोणाच्या तरी तळहातावर उमटताहेत, हे काकांना उमगलं. तेवढ्यात एक मोठा, सपाट आवाज आला.

“नमस्कार, मीच बोलते! मला माझा आवाज ऐकू येत नाही, ओरडत असेन तर सांभाळून घ्या!”

काकांनी फोन कानापासून लांब धरला, आणि तसा धरल्याची त्यांना लाज वाटली.

“गळ्यात कशाला, ते तुम्हीच लिहिलंत ना?” तिनं विचारलं.

“हो. मीच.”

पुन्हा शांतता. मग तोच आवाज, “मी वाचलं होतं ते! बदल व्हायच्या आधी, याच यंत्रावर. बोटाखालून गेलं. उत्तर लिहायला घेतलं, मग म्हटलं, एवढी जाणती माणसं आहेत, काढण्याआधी कोणीतरी विचारेलच.”

काका भिंतीला टेकले. तिला आधीच ठाऊक होतं. जी ओळ बंद पडणार होती, त्याच ओळीवर तिनं ते वाक्य वाचलं होतं.

“माफ करा,” ते म्हणाले. “मी विचारायला हवं होतं. माझ्या ध्यानातच...”

“ते राहू द्या!” पहिले दोन शब्द हातावर उतरताच तिनं तोडलं. “बहिणीचं बोट दुखतंय कालपासून. कामाचं सांगा.”

पुढचा पाऊण तास काका फक्त कामाचं बोलले. फाइल कुठे आहे, ती कशी उघडायची, कुठल्या ओळीखाली काय लिहायचं. बहीण प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणायची, काका ‘बरोबर’ म्हणायचे, मग पुढचं. फाइल साठवली, तरी ओळ कोरीच.

“काही नाही झालं हो,” बहिणीचा आवाज रडवेला झाला.

“केबल काढा. दहा मोजा. परत लावा.”

फोनमधून बारीक तडतड आली, खूप टाचण्या एकदम उठाव्यात तशी. पाठोपाठ एक किंकाळी. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या.

“काय झालं? लागलं का कोणाला?” काकांनी फोनमध्ये विचारलं.

“नाही, नाही. वाचतेय ती,” बहीण म्हणाली. “मला बाजूला ढकललंन.”

काकांनी फोन ठेवला तेव्हा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. आता संपलं, असं त्यांना वाटलं. अर्ध्या तासानं त्या पानावर तिचा मजकूर आला, या वेळी तिनं स्वतः लिहिलेला.

‘माझी ओळ आली. पण माझ्याकडे बहीण होती. ज्यांच्याकडे कोणी नाही, त्यांची ओळ अजून कोरी आहे, आणि ती कोरी आहे म्हणूनच ते इथे येऊन सांगू शकत नाहीत.’

काकांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. एका बाजूला सत्तावीस तक्रारी. दुसऱ्या बाजूला एकही नाही. त्यांनी आणि सांभाळणाऱ्यानं त्याचा अर्थ असा लावला होता, की दुसऱ्या बाजूला कोणी नाहीच.

“किती असतील हो असे?” काकूंनी विचारलं.

“कळायला मार्ग नाही.”

त्यांनी सांभाळणाऱ्याला लिहिलं, ‘नंबर आजच परत घाला.’

‘मलाही सकाळपासून काही सुचत नाहीये,’ त्याचं उत्तर आलं. ‘नंबराबरोबर यंत्राचं नावही तपासलं, तर दोन्ही वेगळी ओळखता येतील. पण त्याला महिना लागेल. तोवर त्या सत्तावीस जणांची मशीनं पुन्हा गायब होतील. तुमचंही.’

‘होऊ द्या. आम्हाला दिसतं. आपापल्या कॉम्प्युटरवर एक ओळ लिहून प्रोग्राम बंद करता येतो. ती कशी लिहायची, ते मी एकेकाला सांगतो.’

जुना नंबर शुक्रवारी यादीत परत गेला. काकांनी शिकवायला सुरुवात केली. ‘काका, पलटी मारलीत की!’ एकानं लिहिलं. काकांनी लिहिलं, ‘मारली.’ दुसऱ्यानं आपला अंगठा परत मागितला. ‘घ्या,’ काकांनी लिहिलं, आणि त्यालाही ती ओळ लिहिण्याच्या सातही पायऱ्या दिल्या. शनिवारी दुपारपर्यंत एकोणीस जणांचं काम झालं. पाठीला कळ लागली होती, पाट्यांची अक्षरं कापायची तशीच पडली होती.

विसाव्याला लिहीत असतानाच पानावर अनोळखी माणसाचा मजकूर उमटला.

‘पंधरा दिवस माझी ओळ कोरी होती. आज सकाळी आपोआप आली. मला वाटत होतं, माझ्याच हातून काही बिघडलं. कोणी सांगाल का, काय झालं होतं?’

पाच मिनिटांत दुसरा मजकूर आला, दुसऱ्याच कोणाचा. तोच प्रश्न.

“काय लिहिलंय?” काकूंनी मागून विचारलं.

‘मी सांगतो,’ एवढं काकांनी टाइप केलं. पुढचं वाक्य जुळेना. ते जुळवत बसले असतानाच खाली तिसरा मजकूर आला.