अंजनाच्या खड्ड्यातला कोळसा

कपाशीच्या पऱ्हाट्या बंद ड्रममध्ये, हवा लागू न देता जाळल्या की जो कोळसा उरतो, त्याला बायोचार म्हणतात. तो मातीत मिसळल्यावर ओल टिकते का, हे पाहण्यासाठी आमच्या महाविद्यालयाला सरकारी निधी मिळाला होता. मी त्या प्रकल्पात संशोधन सहायक होते. अमळनेरकडच्या शेतांतलं काम सुरळीत चाललं होतं. मग वनखात्याने नरडाण्यापलीकडची एक उघडी टेकडी दिली. तिथे अंजनाची रोपं लावायची होती. निम्म्या खड्ड्यांत कोळसा घालून, निम्म्यांत न घालता.

पायथ्याशी खड्डे खणणाऱ्या बाया भर दुपारी एकाएकी थांबल्या. हातभर मुरमाखाली काळा थर लागला होता. आमचाच कोळसा कुणी आधी ओतला की काय, म्हणून मी आमची पोती आणलेल्या ट्रॅक्टरकडे पाहिलं. पोती बांधलेली तशीच होती. शेजारच्या खड्ड्यातही तेच निघालं, आणि त्यात जात्याची फुटकी तळी, वितळून एकमेकांना चिकटलेल्या काचेच्या बांगड्या.

तेवढ्यात भाकरीचा वास आला. तव्यावर करपत चाललेल्या ज्वारीच्या भाकरीचा. आसपास घर नव्हतं, झोपडी नव्हती, आमचे डबे तर केव्हाच धुऊन झाले होते. एकीने पदर नाकाला लावला. दुसरी वळून कुणाला तरी शोधावं तशी बघत राहिली.

प्रकल्प सांभाळणाऱ्या आमच्या मॅडम खड्ड्याच्या काठावर बसल्या. शेळ्या चारणारे एक आबा उतारावरून खाली आले होते. मॅडमनी त्यांना विचारलं, "आबा, इथे पूर्वी काय होतं?"

"आठे गाव व्हतं," ते म्हणाले. "मन्ही आजी सांगे. एकच रातमा बठ्ठं बळी गयं." एका रात्रीत सगळं जळून गेलं होतं.

"नाव काय होतं गावाचं?"

"नाव कोनलेच याद नही."

मॅडमनी बांगड्या होत्या तिथेच ठेवल्या आणि हातांनी माती लोटायला सुरुवात केली. मग आम्हीही बसलो. बाया माती हलकेच टाकत होत्या, खाली कुणी निजलं असावं तशी.

रोपं आम्ही वर, उतारावर लावली. आमचा कोळसा घातलेल्या खड्ड्यांतली उन्हाळ्यात तगली, आणि निधीची मुदत वाढली.

पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "एवढी सपाट जागा रिकामी का सोडली?"

"तिथे माणसं आहेत," मॅडम म्हणाल्या. मग जरा थांबून, "होती."

ते हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी एकदा त्या जागेकडे पाहिलं आणि कडेकडेने, लांबचा वळसा घेऊन गाडीपर्यंत गेले.