शर्यत न बघणारा अध्यक्ष

"जोडीदार बैल वळला, म्हणून हरलो."

"वळला न्हाय. आपला चिमण्याच बुजला."

"तू कुठं बघिटलास रं? रस पीत हुतास."

"रस पिताना डोळं झाकत न्हाय मी."

हरलेल्या शर्यतीचं हे भांडण दूध डेअरीच्या रांगेत मी पहिल्यांदा ऐकलं, त्याला दोन पावसाळे झाले. भांडणारे भरमू नि नागेंद्र. दोघांची शेतं बांधाला बांध लागून, नि दोघांचाही चिमण्यावर जीव. चिमण्या म्हणजे आमच्या शेजारच्या मंगलचा शर्यतीचा बैल. नाव चिमण्या, पण गोठ्यात घ्यायचा तर आधी वाटेतल्या सायकली हलवाव्या लागतात. बोरगावच्या अंगाला आमचं गाव. तिथं त्याच्या चाहत्यांचा संघ आहे, मोबाईलवर ग्रुप आहे, चौकात बोर्ड आहे. रोज संध्याकाळी मंडळी मंगलच्या अंगणात बैलाकडे बघत चहा प्यायची. दुसऱ्या घोटाला कुणीतरी म्हणायचं, "पर खरं सांगू का, त्या दिवशी..." की झालं सुरू.

मंगल कंटाळली. "परत हेच रडगाणं माझ्या दारात ऐकलं तर बैल व्यापाऱ्याला देणार बघा," म्हणाली.

संघ घाबरला नि धरणेंद्र अण्णाला अध्यक्ष केलं. अण्णा जैनांचा, पेठेत भुसाराचं दुकान. रोज घरी जेवायला जायच्या आधी चिमण्याला गुळाचा खडा द्यायचाच. पण बैलाला चाबूक मारलेला बघवत नाही म्हणून जन्मात कधी शर्यतीला गेला नाही. हाच त्याचा मोठा गुण ठरला. "अण्णा, तूच सांग, कोण वळला," असं त्याला कोण विचारणार?

अण्णानं नियम काढला. नवीन असेल ते बोला. जुनं उगाळलं तर दंड म्हणून चिमण्याला ओल्या वैरणीची एक पेंढी.

वाटलं, आता जिभा आवरतील. कुठलं काय. भरमू घरातनंच पेंढी घेऊन यायला लागला. गव्हाणीत टाकायची, हात झटकायचे नि म्हणायचं, "जोडीदारच वळला." नागेंद्र दोन आणायचा, म्हणजे उलट उत्तराचीही सोय. चिमण्या तेवढा खूश. थोड्याच दिवसांत त्याचं पोट असं सुटलं की मी मंगलला विचारलं, "गाभण हाय का गं?"

मंगल हसली नाही. "अण्णा, तुमच्या नियमानं बैल पळायचा ऱ्हायला. व्यापारी रविवारी येतोय."

जैन लोकांना सूर्य मावळायच्या आत जेवावं लागतं. त्या दिवशी विचारात सूर्य निघून गेला नि अण्णा उपाशी झोपला. सकाळी नवा नियम सांगितला: जुनं बोललास की चिमण्याला ओढ्यापर्यंत फिरवून आणायचं, नि ज्याच्याशी भांडलास त्याला बरोबर घेऊन. एकानं कासरा धरायचा, एकानं मागून चालायचं.

पहिल्या दिवशी दोघं तोंडं फुगवून गेले. परत आले ते बोलत.

"मागचा डावा पाय चोरतोय गा त्यो."

"खुराची पत्री ढिली झालीया. उद्या बसवून घिऊ."

दोन वर्षांत संघात निघालेली ही पहिली नवी गोष्ट.

रविवारी व्यापारी आला तर गोठा रिकामा. दोघांनी पहाटेच मुद्दाम भांडण उकरून काढलं होतं नि बैल ओढ्याला नेला होता. व्यापारी चहा प्याला, वाट बघितली, गेला. ऊन वर आल्यावर दोघं उगवले. मंगलनं बैलाच्या पोटावरून हात फिरवला. जरा उतरलं होतं. "शर्यत हूं दे, मग बघू," एवढंच म्हणाली.

शर्यतीत चिमण्याची जोडी दुसरी आली. संध्याकाळी अंगण भरलं. भरमूनं चहाचा दुसरा घोट घेतला. "पर खरं सांगू का, आज बी जोडीदारच..."

मंगल दारात उभी. नागेंद्र उठला, कासरा सोडला नि भरमूच्या हातात दिला. "चल, वाटंत सांग."

मंगल म्हणाली, "येताना माळावरनं नका आणू, काटं लागत्यात. उद्या बी फिरवायचा हाय त्याला."

अण्णानं शर्यतीचं काही विचारलं नाही. सूर्याकडे बघितलं, खिशातला गुळाचा खडा निघालेल्या चिमण्याच्या तोंडात दिला, हात धोतराला पुसला नि जेवायला घरी गेला.