मागच्या पानावरची मुलाखत

मुलाखत एकाची घ्यायला जावं आणि ऐकावं भलतंच, असं चार ठिकाणी झालं की किस्से आपोआप पदरात पडतात. माझ्या पदरात आधीच सहा महिन्यांची लेक होती, ती गोष्ट वेगळी!

यवतमाळच्या एका मासिकासाठी मी जिल्ह्यातल्या निबंधकारांना भेटत होते. खाली छापून यायचं, 'आमच्या प्रतिनिधीकडून'. संपादक म्हणाले होते, "चौथी चांगली उतरली, तर तुमचं नाव." त्या नावासाठी मी लेकीला घेऊन एस.टी.त बसायची. आईपण धड जमत नव्हतं, हौस मात्र दांडगी!

*

पहिले प्रोफेसर. "तुमच्यावर प्रभाव कोणाचा?" विचारल्याबरोबर त्यांनी डोळे मिटून इंग्रजी निबंधकारांची यादी सुरू केली.

आतून त्यांच्या बायकोनं सुनावलं, "आन् माहा नाही काय? पाणी भरा म्हटलं, का यायले निबंध सुचते!"

यादी तिथंच संपली.

*

दुसरे बोरी अरबचे. शांततेवर फार सुंदर लिहीत. घर मात्र कापसाच्या जिनिंग कारखान्याला लागून! यंत्रांच्या त्या धडधडीत मी ओरडून विचारलं, "इथं शांतता सुचते कशी?"

तेही ओरडले, "रविवारी जिन बंद राह्यते ना, तवा करमतच नाही बाप्पा! मंग लिहितो!"

*

तिसरे वकील. त्यांनीच माझी उलटतपासणी घेतली. शिक्षण किती, नवरा काय करतो, पोरीला दात आले का. तासाभरानं माझ्या वहीत एक अक्षर नव्हतं. निघताना म्हणाले, "बढिया झाली तुमची मुलाखत. आता माही कधी घेता?"

*

चौथे राळेगावचे रिटायर्ड हेडमास्तर. छापण्याआधी मजकूर तपासायला पाठवायचा, ही त्यांची अट. धास्तीनं मी तो चारदा लिहून काढला आणि घाईत पोस्टात टाकली कच्ची वही! तिच्या मागच्या पानावर, देवीची लस टोचल्या दिवसापासूनच्या लेकीच्या नोंदी.

"गेलं माझं नाव," मी म्हटलं.

नवरा म्हणाला, "मास्तर आता टपालानं छडी धाडून राह्यले असतील!"

आठवड्यानं वही परत आली. त्यांच्या मुलाखतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल काट. मी मागचं पान उलटलं.

'साडेनऊ: दूध. दहा: अंग गरम? नाही. सव्वादहा: पुन्हा पाहिलं. नाही. साडेदहा: हसली. काहून हसली?'

तिथं एकही खूण नव्हती. खाली लाल शाईत फक्त एवढंच: "माझ्याऐवजी हे छापा. खाली पूर्ण नाव घाला. आणि पोरगी काहून हसली ते कळलं, तर एक कार्ड टाका."