हवेच्या मशिनीचं दावं

“जनावर चालवून बघावं, माणूस बोलवून बघावं,” असं कोंडीबा उठता-बसता म्हणायचा. भाकरी मोडताना म्हणायचा, ट्यूबला ठिगळ लावताना म्हणायचा. मंगळवेढ्याच्या बाजारात बैलांच्या खरेदी-विक्रीत त्याची उमर गेली. बैलाच्या पाठीवर नुसता पंजा ठेवला, की कातडीची थरथर बघून तो सांगायचा, हा औताला चालेल, हा नुसता दारात शोभेल. त्याच्याकडून बैल घेणारा कधी फसला नाही. चिडला मात्र पुष्कळदा. कारण व्यवहार झाला, की कोंडीबा बैलाच्या गळ्यातलं दावं सोडायचा, आपल्या खांद्यावर टाकायचा आणि म्हणायचा, “जनावर तुमचं, दावं धन्याचं.” रीत जुनीच आहे. दावं दिलं तर गोठ्याची बरकत त्याच्या मागं जाते म्हणतात. बाकीचे लोक घेणाऱ्याला निदान एखादी सुतळी द्यायचे. कोंडीबा तीही द्यायचा नाही. गिऱ्हाईक दोरी शोधत बाजारभर फिरायचं, आणि हा चहाची बशी तोंडाला लावून बघत बसायचा.

दुष्काळानं बाजार ओसरला, तेव्हा तो बायकोला, सोजरबाईला, घेऊन सोलापुरात आला. अक्कलकोट रोडला, चादरींच्या कारखान्यांच्या तोंडाशी, एका लिंबाखाली त्यानं पंक्चरचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे पाण्याचं घमेलं, नट खोलायचे चार पाने आणि एक पायपंप. पंक्चर कोंडीबा काढायचा, पंपावर सोजरबाई. सायकलींचं काही वाटायचं नाही. पण सुताचा ट्रक रस्त्यात बसला, की पंप खांद्यावर घेऊन तिला तिथवर जावं लागे, आणि टायर उभा राहीपर्यंत तिचा गुडघा बसलेला असे.

एका सकाळी ती म्हणाली, “आता हवेचं मशीन आणा, न्हायतर मला दुसरा पाय आणा.”

“आणू की,” कोंडीबा म्हणाला. “पर पंप ऱ्हाऊ दे घरात. म्हातारं जनावर दावणीवरनं काढू ने. मशीन रुसलं म्हंजे?”

पंप घरात राहिला, की मशीन रोज रुसणार हे सोजरबाईला ठाऊक होतं. रॉकेल वाचवायला कोंडीबाच त्याला रुसवणार, आणि गुडघा पुन्हा तिचाच.

बाळीवेशीजवळ भीमाशंकरअण्णाचं मशिनींचं दुकान होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं लोण्यासारखं. सोजरबाई काखेत पंप मारून नवऱ्यामागं तिथं गेली. झाडाखाली ठेवला तर कुणी उचलेल, म्हणून कोंडीबानंच तो बरोबर घ्यायला लावला होता.

दुकानाच्या दारात दोन कंप्रेसर उभे होते. दोन्हींना रॉकेलचं इंजिन. एक तांबडा, चार चाकांचा, टाकी ढोलासारखी. दुसरा राखी, दोन चाकांचा, दांडा धरून ओढायचा, अंगानं किरकोळ.

कोंडीबानं तांबड्याला प्रदक्षिणा घातली. टाकीवर थाप मारली. इंजिन चालू करायला लावून वाकून कान दिला.

“काय बघताय, मामा?” अण्णानं विचारलं.

“छाती.”

“दातबी बघा की.”

“दात इकणाऱ्याचं बघावं.”

तांबड्यानं दारातला टायर बघता बघता फुगवला. राखीला त्याच कामाला विडी ओढून होईतो वेळ लागला.

“ह्याला दमा हाय,” कोंडीबा म्हणाला. “तांबडा बांधा.”

“अवं,” सोजरबाई हळूच म्हणाली, “चालवून बघा की.”

आता स्वतःचीच म्हण. नाही म्हणायची सोय नव्हती. कोंडीबानं पटका घट्ट केला आणि तांबड्याला रस्त्यावर घेतलं. रस्त्याला चढ होता. मशीन चार पावलं गेलं, थांबलं, आणि उलटं त्याच्याच अंगावर येऊ लागलं. समोरच्या हॉटेलातली माणसं कपबशा घेऊन बाहेर आली.

“मामा, शेपूट पिरगाळा.”

“पिरगाळून काय व्हतंय? त्योच मामांना चालवून बघतोय.”

कोंडीबा घाम पुशीत म्हणाला, “चढ हाय न्हवं ह्यो.”

“ट्रक काय चढ बघून बसतोय व्हय?” सोजरबाई म्हणाली. तिनं काखेतला पंप काखेतच ठेवून एका हातानं राखी मशीन ओढलं, चढावरून कोपऱ्यापर्यंत नेलं आणि माघारी आणलं. “दमा असंल. पर हाक मारील तितं जातंय.”

कोंडीबानं राखीच्या टाकीवर पंजा ठेवला. मग म्हणाला, “राखीच बांधा. तांबडा दारात शोभंल तुमच्या. पर मला रीतीनं द्यायचं, अण्णा. बैलावानी.”

“रीतीनंच देतो.”

हळदकुंकू लागलं. नारळ फुटला. खोबऱ्याचा तुकडा सगळ्यांच्या हातावर पडला. आणि अण्णानं शांतपणे वाकून मशिनीची रबरी नळी सोडवली, झटकली, आपल्या खांद्यावर टाकली.

“मशीन तुमचं, मामा. दावं धन्याचं.”

“अण्णा, नळी हाय ती. तिच्याबगर हवा कशी भरू?”

“दाव्याबगर बैल कसा नेत्यात? आमच्या वडलांनी, आप्पांनी, तुमच्याकडनं नेला हुता. तुमी सुतळीबी दिली न्हाय. आप्पांनी पटका सोडून बैलाला बांधला आन् बोडक्यानं गावात आले. गावाला वाटलं, आमच्यातलं कोण तर गेलं. दोन बाया तर रडत आल्या.”

सोजरबाईनं तोंडात पदर धरला. कोंडीबानं अण्णाच्या खांद्यावरच्या नळीकडे बघितलं. ती मागावी, तर आजवर सोडलेली सगळी दावी खोटी ठरत होती.

“रीत ती रीत,” तो म्हणाला. त्यानं राखी मशिनीचा दांडा धरला आणि चालू लागला. विकत घेतलेलं जनावर नेताना मागं बघायचं नसतं. बघितलं, की ते जुन्या धन्याकडं ओढ घेतं. म्हणून त्यानं बघितलं नाही.

तो जरा लांब गेल्यावर अण्णानं नळी सोजरबाईपुढं धरली. “घ्या, अक्का. जिरली आता. मामांना हाक मारा.”

“असं कसं? धन्याकडं दावं ऱ्हायलाच पायजे,” सोजरबाई म्हणाली. नळी घेऊन तिनं गळ्यात अडकवली, आणि काखेतला पायपंप अण्णाच्या गल्ल्यावर आडवा ठेवला. “त्येच्या बदली ह्ये ठेवा. आन् त्यांनी येऊन मागितलं, तर देऊ नका. रीत हाय म्हणावं.”

अण्णा पंपाकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. त्यानं हात जोडले.

सोजरबाई पायरीवर उभी राहिली. चढावरून कोंडीबाचा पटका पुढं जात होता, ताठ, आणि मागून राखी मशीन मुकाट, बिनदाव्याचं, गरीब गोऱ्ह्यासारखं चाललं होतं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण तिनं गुडघा चोळला, पदर सारखा केला, आणि म्हटलं, कोपऱ्यापर्यंत जाऊ दे.