मेणाची रेघ

तुमच्या स्वयंपाकघरातला ओटा कुणी कापला, सांगता येईल? बसवायला आलेला माणूस नव्हे हो, कापणारा. नाही ना सांगता येत? मग उठा आणि ओट्याच्या कडेवरून बोट फिरवा. कुठे टोचणार नाही. सिंकचं भोक बघा, कोपरे कसे गोल वळवलेत. ते वळवताना दगडाची जी भुकटी उडाली, ती कुठे गेली असेल? मी तुम्हाला लगेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. मी स्वतः सहा वर्षं दगड कापायच्या एका शेडमध्ये कडा घासल्या, झाडू मारला. भुकटी झाडली की गेली, असं मलाही वाटायचं.

ती गेली नव्हती. ती मिलिमीटरच्या छातीत जाऊन बसली होती.

मिलिमीटर हे त्याचं शेडमधलं नाव. खरं नाव फक्त हजेरीच्या पाटीवर होतं, आणि ते पुकारलं तर तो स्वतःही चटकन ओ द्यायचा नाही. उंच, किडकिडीत, कानावर दगडावर कापायची रेघ आखायची लाल पेन्सिल. बावीस वर्षांत त्याचा एक ओटा परत आला नाही. कुणी म्हणालं, "अरे, दोन मिलिमीटरनं काय बिघडतं?" तर तो त्या माणसाकडे असा बघायचा, जसं काही त्याने कुणाच्या आईबद्दल वाईट बोललंय.

दगड कापायच्या दोन रीती. एक, पात्यावर पाण्याची धार सोडून. मग भुकटीचा चिखल होतो, खाली वाहतो. दुसरी कोरडी. मग समोरचा माणूस दिसेनासा होतो. आमच्याकडे कोरडी. तोंडाला फडकं बांधायचं, आणि दुपारी मालकाकडून प्रत्येकाला एक केळं. केळ्यानं धूळ पोटात उतरते म्हणे! आणि आम्ही शहाणी माणसं ते केळं रांगेत उभं राहून घ्यायचो.

मी नंतर वाचायला शिकले. म्हणजे अक्षरं येत होती, पण अहवाल, नियम, कलमं वाचायला शिकले, आणि माझं डोकं फिरलं. अकरा दिवस फाटकावर बसले, निरीक्षकाला अक्षरशः हाताला धरून आणलं, आणि प्रत्येक यंत्रावर पाण्याची नळी बसवून घेतली. तिसऱ्या दिवशी आत जाऊन बघते, तर मिलिमीटरचा नळ बंद.

"दादा, हे काय?"

"ताई, तुमच्या पाण्यानं माझी रेघ वाहून जाते."

"रेघ गेली खड्ड्यात! छाती कुणाची जाणार?"

"छातीचं बघू. रेघ गेली तर मी कापू कशावर? तुमच्या कलमावर?"

सगळे हसले. तो उस्ताद, त्याच्या हाताखाली चौघं शिकलेले. महिन्याभरात चौघांचे नळ बंद झाले. मालकाला तर तसं सांगावंही लागलं नाही. मी संतापून आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही.

त्याची बायको, मी तिला वहिनी म्हणायचे, घरात बसून कपडे कमीजास्त करून द्यायची. बाह्या आखूड, कंबर सैल, चेन बदलून. तिच्या गळ्यात टेप आणि खिशात खडू, अंघोळ सोडली तर कायम. एका खोलीत नवरा-बायको, दोघंही मापाचे वेडे. संध्याकाळी भांडणं काय, तर भिंतीवरचं कपाट डावीकडे झुकलंय की नाही यावरून.

त्या कपाटावर त्यांच्या लग्नाचा फोटो. स्टुडिओतला. मागे रंगवलेला पडदा: डोंगर, शेंड्यावर बर्फ, आणि डाव्या बाजूला पानगळीतलं एक झाड, पानं नारिंगी. फोटो काढताना तो तिला म्हणाला होता, "पुढच्या वर्षी खरे डोंगर दाखवतो. हीच पानं असताना."

लग्नाचा वाढदिवस बरोबर पानगळीत यायचा आणि शेडमध्ये नेमकी तेव्हाच झुंबड. थंडी पडायच्या आत सगळ्यांनाच नवीन स्वयंपाकघर हवं असतं. एकवीस वर्षं 'पुढच्या वर्षी' झालं. वहिनी टोमणा मारायची, "अहो, डोंगर थकून बसला असेल एव्हाना."

मग तो खोकू लागला. आठ महिने त्याला क्षयाच्या गोळ्या दिल्या. पुढे मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीची फिल्म दिव्यासमोर धरली, तर सगळीकडे पांढरे ठिपके, चाळणीतून पीठ सांडावं तसे. ते म्हणाले, हा क्षय नाही, दगड आहे, आणि तो आता बाहेर निघत नाही.

घरी येऊन तो वहिनीला म्हणाला, "किरकोळ आहे. विश्रांती सांगितलीय." तिने वर्षात चौथ्यांदा त्याच्या पॅन्टची कंबर आत घेतली होती. टेप तिच्या हातात होता, तिला काय फसवणार?

तिची मागणी एवढीच होती की या माणसाने एकदा, फक्त एकदा, पोटभर श्वास घ्यावा. शेडमध्ये एक समजूत होती, केळ्याइतकीच जुनी, की डोंगरावरची हवा छाती धुते. एक म्हातारा पॉलिशवाला तर शपथेवर सांगायचा की तो लेकीकडे डोंगरात महिनाभर राहिला आणि डाळीएवढा खडा खोकून आला. वहिनी माझ्याकडे आली.

"ताई, बावीस वर्षं होतायत. म्हटलं घेऊन जावं. डोंगरावरची हवा चालेल ना यांना?"

आता खरं काय ते सांगते. मला माहीत नव्हतं. माझ्याकडे एक पुस्तिका होती, तिच्यात लिहिलेलं, 'रुग्णाला स्वच्छ हवा मिळावी.' डोंगराचं नाव नव्हतं, उंचीबद्दल एक अक्षर नव्हतं. ते मी पदरचं घातलं. 'माहीत नाही' हे दोन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. वस्तीत ज्या बाईला सगळं विचारतात, तिने नाही कसं म्हणायचं?

"चालेल काय, धावेल," मी म्हणाले.

"डॉक्टरांना विचारू का एकदा?"

"त्यांना काय विचारतेस! आठ महिने नुसत्या गोळ्या चारत बसले होते!"

ते गेले.

पुढचं मला वहिनीने नंतर सांगितलं. शिवणयंत्रासमोर बसून, पाय पायडलवर ठेवून, पण न हलवता.

बस सात तास चढत होती. त्याने खिडकीची जागा तिला दिली आणि स्वतः डोळे मिटून बसला. ती म्हणाली, बघा ना बाहेर. तो म्हणाला, वर गेल्यावर एकदम बघतो. त्याला चक्कर येत होती, हे तिला कळत होतं. तिला कळतंय, हे त्यालाही कळत होतं.

खोली पहिल्या मजल्यावर, तेरा पायऱ्या. चढून गेल्यावर तो पलंगावर न बसता आधी हात धुवायच्या बेसिनपाशी गेला, दगडावर बोट फिरवलं आणि धापा टाकत म्हणाला, "तीन मिलिमीटर... बाहेर. कुणी गाढवानं... कापलाय."

"आधी बसा तरी! गाढवाला नंतर शिव्या घाला."

तिथून डोंगर दिसत नव्हता. मालकीणबाई म्हणाल्या, मागे दगडी पायऱ्या आहेत, एकशे चाळीस, वर कठडा आहे, तिथून सगळं दिसतं. वहिनीने शिवणयंत्राजवळचं घडीचं स्टूल सोबत आणलं होतं. इतकं ती ओळखून होती. दहा-बारा पायऱ्या झाल्या की स्टूल मांडायचं, त्याने बसायचं, श्वास जमवायचा. जाणारे-येणारे बघायचे. एक तरुण जोडपं हसलं. तेव्हा हा पठ्ठ्या म्हणाला, "हसा, हसा. आम्ही आमचा सोफा घेऊन फिरतो."

छत्तिसाव्या पायरीला त्याचे ओठ निळे दिसले. ती म्हणाली, आज बास. तो म्हणाला, चढाचा दम आहे, दगड सुटतोय बहुतेक. तिने सवयीने खिशातला खडू काढला, पायरीच्या उभ्या बाजूवर आडवी रेघ मारली. "इथवर झालं. उद्या इथून पुढे."

दुपारपासून रात्रभर भुरभुर पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी लग्नाचा बाविसावा वाढदिवस. ती त्याला थांबा म्हणत होती, पण तो ऐकेना. पायऱ्या ओल्या होत्या, पाणी अजून एकीवरून दुसरीवर ओघळत होतं. स्टूल सहा वेळा मांडावं लागलं, आदल्या दिवशी तीनदा पुरलं होतं. छत्तिसाव्या पायरीशी तो बसला आणि समोर बघत राहिला.

रेघ तिथेच होती. तिच्यावरून पाणी वाहत होतं आणि रेघ हलली नव्हती.

त्याने बोटाने घासली. मग नखाने.

"हा कसला खडू?"

"मेणाचा. गडद कापडावर साधा खडू झटकला जातो, म्हणून हा."

"पाण्यानं जात नाही?"

"नाही. इस्त्री लावली की जातो. का हो?"

"किती वर्षं वापरतेस?"

"लग्नाआधीपासून. माहेरहून डबी आणली होती ना मी, पत्र्याची. तुम्हीच कपाटात ठेवलीत."

वहिनी म्हणाली, "ताई, मला आधी काही कळलंच नाही. मला वाटलं, श्वास अडकला." त्याने पुन्हा रेघेवर बोट टेकवलं. मग म्हणाला, "माझ्यामागे चौघांनी नळ बंद केले." आणि थोड्या वेळाने, अगदी रोजच्या आवाजात, "तू वर जाऊन ये. बघ आणि मला सांग."

तिला जायचं नव्हतं. त्याने हात जोडले, तेव्हा ती गेली. एकशे चार पायऱ्या जवळजवळ पळत. वर पोचली आणि कठड्याला पाठ लावून खाली बघत राहिली. वळणापाशी, स्टुलावर, तिनेच आत घेतलेला कोट घातलेला तिचा नवरा, एवढासा. डोंगर तिच्या पाठीमागे होता. तिने तो पाहिलाच नाही.

खाली येऊन तिने सांगायला सुरुवात केली. शेंड्यावर बर्फ आहे, डाव्या बाजूला एक झाड आहे, पानं नारिंगी.

"अगं," तो म्हणाला, "हे तर पडद्यावरचं सांगतेस."

मग तो हसला, आणि त्या हसण्यात जो खोकला आला, तो थांबला नाही.

आरोग्य केंद्रात त्याला नळकांड्यातला प्राणवायू लावला. तिथली डॉक्टर वयाने लहान, पण वहिनीवर चांगलीच कडाडली. "बाई, असली छाती घेऊन इतक्या उंचीवर? इथे धडधाकट माणसाला धाप लागते. हवा पातळ असते वर! कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. आम्हीच आलो," वहिनी म्हणाली.

मी विचारलं, माझं नाव का नाही घेतलंस? त्यावर ती म्हणाली, "घेऊन काय हवा जाड झाली असती?"

त्या वाक्यात माझ्यावर राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, मी उलटून काही बोलले तरी असते.

रुग्णवाहिकेने त्याला खाली आणलं. तो आणखी एकोणीस दिवस जगला, तेही बसून, कारण आडवं झालं की गुदमरायचा. मी दवाखान्यात भेटायला गेले, माफी मागायची ठरवून. त्याने मला बोलूच दिलं नाही. उशीखालून खडू काढला. एका बाजूने ब्लेडने तासून पात्यासारखा पातळ केलेला.

"रेघ जाड येते... म्हणून तासायचा. अर्धा मिलिमीटर. चौघांना द्या. म्हणावं... उस्ताद चुकला."

दुसऱ्याच दिवशी मी चार खडू तासून शेडमध्ये गेले. यंत्रावरच्या नळ्या नव्हत्या. कुणी वापरत नाही म्हणून मालकाने काढून टाकल्या होत्या. चौघांपैकी एकजण आधीच खोकत होता. त्याने खडू घेतला, कानावर ठेवला, जसा मिलिमीटर पेन्सिल ठेवायचा, आणि पुन्हा कोरडाच दगड कापायला लागला. दुसरं करणार काय? पाणी कुठून आणणार?

दवाखान्यात परत गेले तेव्हा त्याने डोळ्यांनीच विचारलं. "दिले," मी म्हणाले. "आणि पाणी?" "चालू आहे," मी म्हणाले. आयुष्यात दुसऱ्यांदा मी त्या घराला पदरचं सांगितलं. या वेळी निदान मला माहीत होतं की हे खोटं आहे.

त्या आठवड्यात तो गेला. वहिनी अजून कपडे कमीजास्त करून देते. फोटो कपाटावरच आहे, पण भिंतीकडे तोंड करून.

मी पुन्हा फाटकावर बसणार आहे, पण मला तिथे आता कुणी भीत नाही. मालक भितो फक्त गिऱ्हाइकाला, म्हणजे तुम्हाला. तेव्हा एवढं करा. नवीन ओटा सांगाल, तेव्हा दुकानात बसून रंग निवडून घरी जाऊ नका. मागच्या शेडमध्ये जा. पात्यावर पाणी आहे का, बघा. नसेल, तर तो दगड घेणार नाही असं मालकाला तोंडावर सांगा, आणि पाणी सुरू होईपर्यंत तिथून हलू नका. तो म्हणाला की पाण्याने रेघ पुसली जाते, तर खिशात मेणाचा एक खडू असू द्या. तो काढून त्याच्या हातावर ठेवा.