कमलताईंचा शेवटचा डाव

समोरच्या गॅलरीत एक बाप आपल्या लहान मुलीशी बुद्धिबळ खेळत होता. त्याने मुद्दाम वजीर तिच्या घोड्याच्या माऱ्यात ठेवला. तिने तो मारला आणि आनंदाने टाळ्या पिटल्या. मला मात्र कमलताई आठवल्या.

कमलताईंनी मला खेळ शिकवला. राज्याचं विजेतेपद मिळवणाऱ्या त्या आमच्या जिल्ह्यातल्या पहिल्या बाई. पुरुषांच्या स्पर्धेतही त्या उतरायच्या. हरलेला माणूस उठताना हसून म्हणायचा, "बाईमाणूस म्हणून सोडून दिलं." ताई मोहरे डब्यात भरायच्या. हरणं कुणी चोरून नेत नाही. जिंकणं मात्र असं हसत हसत नेता येतं.

त्यांच्या शेवटच्या आजारात मी दवाखान्यात पट घेऊन गेले. खेळताना त्यांचा हात थरथरला आणि वजीर भलत्याच घरात पडला. तो फुकट मिळत होता. मी दुसरंच प्यादं सरकवलं.

"वजीर दिसला नाही तुला?"

"नाही, ताई."

"खोटं बोलू नकोस." त्यांना धाप लागली होती. "तू सोडलंस, तर त्या सगळ्यांचं खरं ठरेल गं. घे तो."

मी प्यादं परत जागेवर ठेवून वजीर घेतला. त्या मात होईपर्यंत खेळल्या आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "छान खेळलीस."

त्याच आठवड्यात ताई गेल्या. त्यांच्याविरुद्ध मी जिंकलेला तो एकच डाव. तो जिंकल्याचं मला आजवर कुणाला सांगवलेलं नाही.